उच्च माध्यमिक स्तरावरील विशेष विषय आणि अभ्यासक्रमरचनेचे शिक्षक-प्रशिक्षण : एक आढावा

प्रश्नाची व्याप्ती

महाराष्ट्रात अकरावी-बारावीला, म्हणजे उच्च माध्यमिक स्तरावर, शिकवल्या जाणाऱ्या विषयांचे ढोबळ मानाने दोन गट पडतात. भाषा, गणित, इतिहास, भूगोल, विज्ञान हे विषय विद्यार्थी शाळेत या ना त्या रूपाने आधीपासून शिकत आलेला असतो. तर्कशास्त्र, मानसशास्त्र, भूशास्त्र, सहकार, चिटणिसाची कार्यपद्धती, पुस्तपालन व लेखाकर्म, पीकशास्त्र, बालविकास अशा विषयांशी मात्र त्याची पहिली गाठ अकरावीच्या वर्गात पडते आणि पुष्कळांच्या बाबतीत ती बारावीनंतर सुटतेही. प्रस्तुत लेखात ‘विशेष विषय’ ही संज्ञा या दुसऱ्या गटासाठी योजली असून, हे विषय शिकवणाऱ्या शिक्षकाला त्या विषयाचा अभ्यासक्रम रचण्याचे प्रशिक्षण द्यावे का, द्यायचे तर कोणी आणि कितपत, या चर्चेची आजची स्थिती येथे मांडली आहे.

अभ्यासक्रमरचनेत विषय शिकवण्याचा हेतू ठरवणे, त्या हेतूला धरून आशय निवडणे, आशयाचा क्रम लावणे, विद्यार्थ्याने करावयाची कामे योजणे आणि हेतू साधला की नाही हे तपासण्याची रीत ठरवणे, एवढी कामे येतात. राल्फ टायलर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९४९ मध्ये या क्षेत्रासाठी जे चार प्रश्न मांडले, त्यांचा गाभा हाच होता. पाठनियोजन म्हणजे कोणीतरी आधीच ठरवलेला आशय ठरावीक तासिकांत कसा शिकवायचा याची आखणी होय. ते या साऱ्या क्रियेच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर येते, आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या चर्चेतील बराचसा गोंधळ या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे उद्भवतो.

विशेष विषयांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, याचे एक कारण असे की त्यांचा आशय शिक्षणव्यवस्थेच्या बाहेर, कायद्यात आणि व्यवहारात, बदलत असतो. चिटणिसाची कार्यपद्धती या वाणिज्य शाखेच्या विषयात कंपनीच्या चिटणिसाने भागविक्री, कर्जरोखे, ठेवी, लाभांश यांबाबत करावयाची कामे शिकवली जातात आणि त्याचा पाया कंपनी कायदा हाच असतो. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागदी भागपत्राच्या जागी डीमॅट खाते आणले, पुढे १९५६ चा कंपनी कायदा जाऊन २०१३ चा आला, आणि दोन्ही वेळा विषयातील सुटे तपशील तर बदललेच, पण कार्यपद्धतींचा क्रमही बदलला. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर पुस्तपालनाच्या शिक्षकापुढे असाच प्रसंग उभा राहिला. सहकार विषयाची गत तर आणखी अवघड झाली, कारण २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांसाठी नवी तरतूद आणली आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदीतील राज्यांतर्गत संस्थांविषयीचा भाग रद्द ठरवला. राज्य मंडळाचा अभ्यासक्रम अनेक वर्षांनी एकदा बदलतो, कायदा मात्र मध्येच बदलतो. मधल्या काळात काय शिकवायचे आणि काय गाळायचे हा निर्णय वर्गात उभा असलेला शिक्षक घेतच असतो, फक्त त्या निर्णयाची कोठे नोंद होत नाही.

दुसरे कारण स्थानिक भेदांचे आहे. भूशास्त्र शिकणाऱ्या सातारच्या विद्यार्थ्याच्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट असतो, तर चंद्रपूरच्या विद्यार्थ्याच्या भोवती गोंडवन कालखंडातील कोळशाच्या खाणी असतात. क्षेत्रभेट कोणत्या खडकापासून सुरू करावी, हे दोघांसाठी एकाच ठिकाणी बसून ठरवणे कठीण आहे. तिसरे कारण एकाकीपणाचे. एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठीचे किंवा भौतिकशास्त्राचे दोन-तीन शिक्षक असू शकतात, तर्कशास्त्राचा बहुधा एकच असतो, आणि आपली आखणी दाखवून मत विचारावे असा सहकारी त्याला त्याच इमारतीत सापडत नाही.

पार्श्वभूमी

विशेष विषयांसाठी शिक्षक वेगळ्या रीतीने घडवावा लागतो, ही जाणीव नवी नाही. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) शेती, तंत्रविद्या, वाणिज्य, ललितकला असे पर्याय देणाऱ्या बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली, आणि अशा शाळांसाठी शिक्षक तयार करण्याच्या हेतूने १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये स्थापन झाली. विषयज्ञान आणि अध्यापनशास्त्र चार वर्षे एकत्र शिकवावे, अशी त्यांची कल्पना होती व तीत विज्ञानाबरोबर तंत्रविद्या, शेती आणि वाणिज्य यांनाही स्थान होते. बहुउद्देशीय शाळांचा प्रयोग ओसरला तसे त्यांच्यासाठी काढलेले शिक्षक-अभ्यासक्रमही मागे पडत गेले. विज्ञानाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम तेवढा टिकून राहिला. आज एकात्मिक शिक्षक-शिक्षणाची चर्चा जणू ती प्रथमच होत असल्याप्रमाणे चालते, तेव्हा हा साठ वर्षांपूर्वीचा प्रयत्न सहसा कोणाला आठवत नाही.

कोठारी आयोगाने (१९६४-६६), ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, सुचवलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्रात अमलात आला तेव्हा १९७५ मध्ये नव्या पद्धतीची पहिली दहावीची परीक्षा झाली, पाठोपाठ कनिष्ठ महाविद्यालये सुरू झाली आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ मध्ये घेण्यात आली. जुन्या अकरावीनंतरचे प्री-डिग्रीचे वर्ष यामुळे विद्यापीठाकडून राज्य मंडळाच्या कक्षेत आले. कनिष्ठ महाविद्यालये काही ठिकाणी शाळांना आणि काही ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयांना जोडली गेल्याने एकाच मंडळाखाली दोन वेगळ्या कार्यसंस्कृती नांदू लागल्या. वरिष्ठ महाविद्यालयाच्या आवारातील शिक्षकाला विद्यापीठाचे अभ्यास मंडळ, म्हणजे विषयाचा अभ्यासक्रम ठरवणारी प्राध्यापकांची समिती, निदान जवळून दिसत असे. शाळेला जोडलेल्या शिक्षकाच्या दृष्टीने अभ्यासक्रम ही परिपत्रकाने येणारी वस्तू होती.

याच काळात व्यावसायिक विषयांचा ओघ सुरू झाला. माल्कम आदिशेषय्या यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८ मध्ये उच्च माध्यमिक शिक्षणाच्या व्यवसायीकरणाचा पुरस्कार केला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर १९८८ मध्ये केंद्र सरकारची योजना आली, आणि महाराष्ट्रात सर्वसाधारण शाखांतील दोनशे गुणांच्या द्विलक्षी विषयांच्या जोडीला किमान कौशल्यावर आधारित व्यावसायिक अभ्यासक्रम उभे राहिले, जे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे गेले. अशा विषयांच्या आशयासाठी व शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी १९९३ मध्ये भोपाळ येथे पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था स्थापन झाली. म्हणजे विशेष विषयांपैकी व्यावसायिक विषयांना स्वतंत्र संस्था मिळाली, तर्कशास्त्र किंवा सहकार यांसारख्या विषयांना तसे कोणतेच घर मिळाले नाही.

राज्यात अलीकडचा मोठा बदल २०१९-२० मध्ये अकरावीला आणि २०२०-२१ मध्ये बारावीला झाला व नवी पाठ्यपुस्तके बालभारतीने काढली. त्यासाठी नेमलेल्या विषय समित्यांत कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकही होते, आणि समितीत काम केलेल्यांना रचनेचा प्रत्यक्ष अनुभव मिळाला. बाकीच्यांच्या वाट्याला नव्या पुस्तकाची ओळख करून देणारे उद्बोधन वर्ग आले. महासाथीच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला तेव्हा काय वगळायचे याची विषयवार यादीही वरूनच आली. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग कदाचित नव्हताच, तरी आशयाची निवड करण्याचा एक दुर्मीळ सार्वत्रिक प्रसंग शिक्षकांच्या हातून गेला, हे नोंदवणे भाग आहे.

प्रशिक्षणाची सध्याची घडण

उच्च माध्यमिक शिक्षकासाठी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. अशी दुहेरी अर्हता लागते. या दोहोंच्या मधोमध अभ्यासक्रमरचना निसटते, असे या क्षेत्रातील निरीक्षण आहे. पदव्युत्तर विभाग विषय शिकवतो, पण सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी त्यातले काय निवडावे हा त्याचा प्रश्न नसतो. बी.एड.मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर ‘ज्ञान आणि अभ्यासक्रम’ या नावाचा घटक आला. त्यात अभ्यासक्रमाची तत्त्वज्ञानात्मक व सामाजिक बैठक शिकवली जाते, मात्र विद्यार्थी-शिक्षकाने स्वतः एखाद्या विषयाचा वर्षभराचा आराखडा तयार करून तो कोणाकडून तपासून घ्यावा, अशी सक्ती क्वचितच असते. अध्यापन पद्धती म्हणून निवडायला मिळणारे विषय शाळेच्या विषयांना धरून असल्याने तर्कशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर बहुधा मराठी किंवा इतिहासाची पद्धती घेतो, भूशास्त्राचा सर्वसाधारण विज्ञानाची. मानसशास्त्राच्या पदवीधराची अडचण विशेष आहे, कारण त्याचा विषय बी.एड.च्या पायाभूत घटकांत सर्वत्र असतो आणि शालेय विषय म्हणून मात्र फार थोड्या ठिकाणी असतो.

सेवांतर्गत प्रशिक्षणातही हीच पोकळी आढळते. १९८६ च्या धोरणानंतर उभ्या राहिलेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था मुख्यतः प्राथमिक शिक्षणासाठी होत्या. उच्च माध्यमिक शिक्षकाला सक्तीने सामोरे जावे लागणारे मोठे प्रशिक्षण म्हणजे बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतरचे वरिष्ठ व निवड श्रेणीचे प्रशिक्षण. ते वेतनश्रेणीशी जोडलेले असल्याने त्याच्याकडे पाहण्याची दृष्टीही तशीच राहिली आहे. शिवाय ते सर्व विषयांच्या शिक्षकांसाठी सामाईक असते.

असे असले तरी राज्यातील शिक्षकांना रचनेचा अनुभवच नाही, असे म्हणता येणार नाही. प्रश्नपत्रिका काढणे, नमुना उत्तरे तयार करणे, नियामक म्हणून उत्तरपत्रिकांचे गुणदान पडताळणे, प्रात्यक्षिकांची नोंदवही ठरवणे, कला व वाणिज्य शाखांतील ८०-२० आणि विज्ञानातील ७०-३० या विभागणीतील अंतर्गत गुणांसाठी प्रकल्प योजणे या कामांत आशयाचे महत्त्व ठरवण्याचे पुष्कळ कौशल्य लागते. विषय शिक्षकांच्या संघटना अशा कामांतून आलेले शहाणपण अनौपचारिकपणे पुढे देतात. या अनुभवाला प्रशिक्षणाचा दर्जा अद्याप कोणी दिलेला नाही, आणि प्रस्तुत आढाव्याच्या मते या साऱ्या चर्चेतील सर्वांत दुर्लक्षित साधन हेच आहे.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका केंद्रीय रचनेची आहे. अभ्यासक्रम तज्ज्ञांनी एकदा नीट रचावा, शिक्षकाला तो उत्तम प्रकारे राबवण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे तिचे म्हणणे. तिचा आधार समतेचा आहे : गडचिरोलीच्या आश्रमशाळेतील आणि मुंबईच्या नामांकित महाविद्यालयातील विद्यार्थी एकच परीक्षा देणार असतील, तर शिक्षकाच्या कुवतीवर आशय सोपवल्याने दुर्बळ बाजू आणखी दुर्बळ होईल. प्रवेश परीक्षांचा रेटा, मराठीतून संदर्भसाहित्याची टंचाई आणि घड्याळी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, काम करणाऱ्या शिक्षकांची संख्या हे मुद्देही ती पुढे करते. ज्या शिक्षकाची पुढच्या वर्षीची नेमणूक अनिश्चित आहे, त्याच्याकडून वर्षभराच्या आराखड्याची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल, हा तिचा युक्तिवाद सहज बाजूला सारण्यासारखा नाही.

दुसरी भूमिका शिक्षकालाच रचनाकार मानते. तिचे सर्वांत प्रभावी प्रतिपादन लॉरेन्स स्टेनहाउस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७५ मध्ये केले. अभ्यासक्रम हा वर्गात तपासून पाहण्याचा एक प्रस्ताव असतो, त्यामुळे शिक्षकाचा विकास आणि अभ्यासक्रमाचा विकास वेगळे करता येत नाहीत, हे त्याचे मत होते. भारतात या विचाराशी जवळचे नाते असलेला अनुभव म्हणजे मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेल्या या कार्यक्रमात शिक्षक प्रशिक्षण शिबिरांत येत, मासिक बैठकांत वर्गातील अडचणी मांडत आणि त्यानुसार पाठ बदलले जात. परीक्षाही प्रयोगांवर आणि पुस्तक उघडून देण्याच्या पद्धतीवर आधारलेली होती. तो सहावी ते आठवीसाठी होता, विशेष विषयांसाठी नव्हता, ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते. शासनाने तो २००२ मध्ये बंद केला, आणि दोन्ही बाजू त्याचा दाखला आपापल्या परीने देतात.

तिसरी भूमिका मधली आहे आणि आजच्या धोरणपत्रांवर तिचाच प्रभाव अधिक दिसतो. हिल्डा टाबा यांनी १९६२ मध्ये असे मांडले की रचनेची सुरुवात शिक्षकांनी छोट्या घटकांपासून करावी आणि चाचणीनंतर त्या घटकांतून मोठी चौकट आकाराला यावी. जोसेफ श्वाब यांनी विद्यार्थी, शिक्षक, विषय आणि परिसर या चारही अंगांचे प्रतिनिधी एकत्र बसून विचारविनिमय करतील तेव्हाच रचना व्यवहार्य होते, असे सांगितले. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलेली ‘अध्यापनशास्त्रीय आशयज्ञान’ ही कल्पना, म्हणजे विषय कोणत्या उदाहरणांनी, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या गैरसमजांना धरून समजावावा याचे शिक्षकाकडचे खास ज्ञान, या भूमिकेला बळ देते. चौकट मंडळाची आणि घटक शिक्षकाचे, अशी ही विभागणी होय.

व्यावसायिक विषयांबाबत एक चौथी बाजूही आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आल्यापासून या विषयांचा आशय उद्योगक्षेत्राने ठरवलेल्या व्यवसाय-मानकांवरून घेतला जातो. मानके शिक्षकाला वर्गाबाहेरच्या कामाशी जोडतात, असे समर्थक म्हणतात. त्यामुळे शिक्षकाचा निर्णय केवळ साधनांच्या निवडीपुरता उरतो, असा आक्षेप आहे. या वादात पीकशास्त्राचा शिक्षक आणि मानसशास्त्राचा शिक्षक एकाच बाकावर बसत नाहीत, आणि ‘विशेष विषय’ हा गट एकजिनसी समजण्यातील धोका येथे उघड होतो.

क्वीन्सलँडचा अनुभव

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने या प्रश्नावर दीर्घकाळ प्रयोग केला, म्हणून त्याकडे थोडे थांबून पाहणे उचित ठरते. रॅडफर्ड समितीच्या १९७० च्या अहवालानंतर तेथील बारावीची बाह्य सार्वजनिक परीक्षा १९७२ मध्ये अखेरची झाली. पुढे मंडळाने विषयाची व्यापक चौकट द्यायची, प्रत्येक शाळेने त्या चौकटीत आपला कार्य-आराखडा लिहायचा, आणि अन्य शाळांतील त्याच विषयाच्या शिक्षकांच्या पॅनेलने आराखडे व विद्यार्थ्यांचे नमुनाकाम तपासायचे, अशी पद्धत रुळली. प्रशिक्षणाचा वेगळा वर्ग न भरवता पॅनेलवरचे कामच प्रशिक्षण ठरले, आणि एकट्या शिक्षकाचा विषयही जिल्ह्यातील समव्यवसायींच्या नजरेखाली आला. मात्र शाळाशाळांतील गुणदानाच्या तुलनेबद्दलचे प्रश्न आणि शिक्षकांवरचा ताण यांची चर्चा चालूच राहिली, आणि २०१९ मध्ये अकरावीत प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून बाह्य परीक्षा अंशतः परत आली. परीक्षा मंडळाच्या हाती आणि रचना शिक्षकाच्या हाती अशी फाळणी टिकत नाही, एवढे यातून दिसते. कोणती बाजू शेवटी कोणाला ओढते, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

अनिर्णित प्रश्न

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे आणि चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक-पदवीला प्राधान्य दिले आहे. या तासांपैकी किती विषयनिष्ठ रचनेसाठी असावेत, हे ठरलेले नाही. त्याहून कठीण प्रश्न अधिकाराचा आहे. रचना शिकलेल्या शिक्षकाला अभ्यासक्रमाचा एखादा भाग, समजा एकपंचमांश, खरोखर ठरवता येणार नसेल आणि त्याचे गुण देता येणार नसतील, तर प्रशिक्षणातून आलेले कौशल्य वापराअभावी गळून पडण्याची शक्यता अधिक. आणि तो भाग दिला तर अंतर्गत गुणांची खिरापत होते या तक्रारीला उत्तर द्यावे लागेल. आजवरची बरीच चर्चा प्रशिक्षणाच्या मजकुरावर खर्ची पडली असून, या देवाणघेवाणीकडे तिने पुरेसे पाहिलेले नाही.

पदांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. कमी विद्यार्थ्यांचा विषय बंद पडला की संच मान्यतेत, म्हणजे शासनाने दर वर्षी ठरवून दिलेल्या शिक्षकसंख्येत, तो शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. विषयाची फेररचना करताना विद्यार्थिसंख्या टिकवण्याचा विचार मग आपोआप शिरतो. विषय सोपा करण्याचे आकर्षण आणि तो अर्थपूर्ण करण्याची इच्छा यांत फरक कसा करायचा, याचा विचार प्रशिक्षणाच्या आराखड्यांत आढळत नाही.

या सर्वांवर २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने नवी भर घातली आहे. त्यानुसार अकरावी-बारावीला दोन भाषा आणि अन्य तीन गटांपैकी किमान दोन गटांतून चार विषय निवडायचे असून, शाखांच्या भिंती काढून टाकण्याचा मनोदय आहे. सामाजिक शास्त्रांच्या गटातच शाश्वतता व हवामानबदल, माध्यमे व पत्रकारिता, विधी अभ्यास अशी आंतरविद्याशाखीय क्षेत्रे सुचवली आहेत. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२४ मध्ये मांडलेला आराखडाही याच दिशेने जातो. हवामानबदलाचा विषय भूगोलाच्या पदवीधराने रचावा, पर्यावरणशास्त्राच्या की अर्थशास्त्राच्या, त्याची अध्यापन पद्धती कोणत्या बी.एड. महाविद्यालयात शिकवली जावी, आणि विषयनिहाय अर्हतेवर उभ्या असलेल्या नेमणुकीच्या नियमांत त्या शिक्षकाची नोंद कोणत्या विषयाखाली करावी, हे प्रश्न आराखड्याच्या अंमलबजावणीबरोबर पुढे येणार आहेत.